आधी खळं, मग भिंती

सोलापूर, मार्गशीर्ष

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या लोककला केंद्राचा आराखडा दोनदा नीट पाहिला. रेषा स्वच्छ आहेत, मेहनत दिसते. पाच हजार चौरस फूट इमारत, पुढे हिरवळ, मागे गाड्या लावायची जागा आणि उरलेल्या कोपऱ्यात ‘खुला रंगमंच’, असा त्याचा क्रम आहे. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा कर. आधी बसायची जमीन, सावली आणि पाणी. त्यावर एक पूर्ण वर्ष जाऊ दे, म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक सुगी. लोक कुठे टेकतात, बायका कोणत्या वेळेला येतात, पोरं कुठे घुटमळतात, हे त्या वर्षात कळतं. भिंती त्यानंतर. आणि पहिल्या टप्प्यात हजार चौरस फुटांच्या पुढे जाऊ नकोस.

तुझ्या दोन एकरांत वरचा भाग मुरमाड आणि खालचा काळा आहे. इमारत तू काळ्यात टाकली आहेस, कारण रस्ता तिकडून जातो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. एप्रिलमधल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. अशा जमिनीत उथळ पाया घेतला की दोन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. गिलावा करून ती बुजत नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. म्हणून आधी तीन ठिकाणी तीन बाय तीन फुटांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत घे आणि प्रत्येकाची खोली लिहून ठेव. जिथे मुरूम लवकर लागेल तिथे बांध. रस्त्यापासून शंभर पावलं चालावं लागलं तरी चालेल.

पाया काळ्यातून नेणं टळतच नसेल, तर तो मुरमापर्यंत खाली ने. पायाच्या दोन्ही अंगांना भर घालताना खोदलेली काळी माती परत ढकलू देऊ नकोस. ती शेजारीच फुकट पडलेली असते, म्हणून मिस्त्री हमखास तीच वापरतो, आणि बहुतेक इमारती इथेच बिघडतात. मुरूम आण, सहा-सहा इंचांचे थर दे, प्रत्येक थर पाणी मारून धुमसून घे. जोतं दोन फूट उचल. भोवती तीन फूट रुंद शहाबादी फरशी घाल, तिला बाहेरच्या अंगाला दीड-दोन इंच उतार दे, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाजवळ मुरणार नाही. आराखड्यात दाराशी दाखवलेला कडुनिंब दूर ने. मोठं झाड भिंतीखालची ओल ओढून घेतं, तेवढीच जागा खचते आणि भिंत तडकते. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, साधारण तेवढं अंतर ठेव.

आता खळ्याकडे, म्हणजे मळणीला करतात तशा गोल, चोपून सारवलेल्या जमिनीकडे येतो. माझ्या मते तुझ्या केंद्राचा जीव तिथेच आहे.

आपल्याकडच्या कलांना उंच मंच लागत नाही. गोंधळ, भारूड, गजीनृत्य यांत लोक भोवती असतात, आणि गजी ढोल वाजायला लागला की बघणारा कधी आत जातो ते त्यालाही कळत नाही. चार फूट उंच मंच केलास की एक बाजू कलाकारांची आणि एक प्रेक्षकांची अशी फाळणी होते. म्हणून चाळीस फूट व्यासाचं खळं कर. ज्वारीचं खळं करायची रीत गावातल्या म्हाताऱ्यांना अजून येते. त्यांना बोलाव, आणि फक्त सल्ल्यापुरतं नाही, कामाला बोलाव.

मध्ये खुंटी ठोकून वीस फुटांच्या दोरीने वर्तुळ आख. काळी माती असेल तर फूटभर उपसून काढ. ती साधारण साडेबारा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघते, झाडांच्या आळ्यांना वापर. त्या जागी मुरूम भर. धुमसल्यावर तो बसतो, म्हणून पंधरा-सोळा ब्रास मागव. दोन थरांत भरायचा, प्रत्येक थराला पाणी द्यायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी चोपायचं. मध्यापासून कडेपर्यंत तीन इंच उतार ठेव, नाहीतर पहिल्याच वळवात मध्ये डबकं होईल. वरून गाळलेली माती, बारीक मुरूम आणि भुसा यांचा दोन इंच थर दे. तो अर्धवट वाळत आला, की अनवाणी पायांनी तुडवायचा. ही वेळ चुकवू नकोस. फार ओला असताना तुडवला तर पाय रुततात आणि नंतर पापुद्रे सुटतात. फार वाळला तर माती एकजीव होत नाही. टाच टेकवल्यावर ठसा उमटला पण माती टाचेला चिकटली नाही, की समज वेळ आली. या कामाला शाळेची पोरं बोलाव, हलगी वाजू दे. शेवटी शेणकाल्याने सारवून घे. पुढे दर कार्यक्रमाआधी एक हात सारवण, आणि पावसाळा संपल्यावर वरचा थर दुरुस्त. मधलं वीस फुटांचं वर्तुळ नाचणाऱ्यांना सोडलं तरी कडेने दीडशे माणसं मांडी घालून बसतात. खळ्याच्या पश्चिमेला दगडाच्या तीन पायऱ्या कर, सव्वा फूट उंच, अडीच फूट रुंद. म्हाताऱ्यांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना त्या लागतात. संध्याकाळी बसणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन येणार नाही, सूर्य पाठीशी राहील.

खळ्याच्या कडेला एक छोटी शेकोटीची जागा हवी. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं; वाजवणारा ती विस्तवावर शेकतो, बोटाने टिचकी मारून आवाज बघतो, पुन्हा शेकतो. तुझ्या आराखड्यात त्याला हे करायला कुठेच जागा नाही, म्हणजे तो फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला कागद पेटवून बसणार. पिढ्यान्‌पिढ्या त्याला वेशीबाहेर थांबवलं गेलंय. तुझ्या केंद्रात त्याची शेकोटी खळ्याच्या काठावर, सगळ्यांच्या समोर असू दे. आणि बिदागी आधी ठरव. पुण्याहून बोलावलेल्या गायकाला एक हिशोब आणि गावच्या हलगीवाल्याला नारळ, असं चालणार नाही. कडब्याची गंजी मात्र शेकोटीपासून किमान पन्नास फूट लांब ठेव.

छपराला तू माळवद दाखवलं आहेस. तुळया, त्यांवर किलच म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि वर पांढरी माती. मधे उजेडाला सवणं, म्हणजे झरोके. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा दुसऱ्या छपराला नाही, तुझा मोह मी समजू शकतो. पण ३० सप्टेंबर १९९३ची पहाट विसरून आपल्या भागात कुणी माळवद काढू नये. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत हजारो माणसं झोपेत गेली. त्यांचा जीव घेतला तो डोक्यावरच्या मातीने आणि दगडमातीच्या भिंतींनी. एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस फुटाला सुमारे पन्नास किलो भरतं. बारा बाय बाराच्या खोलीवर ते सात टन होतं. शिवाय गळती थांबवायला लोक दरवर्षी वर नवी माती टाकतात आणि जुनी काढत नाहीत. खाली भिंत दोन पाखांची, म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे थर, मध्ये गोटे आणि चिखल भरलेला. हादरा बसला की दोन पाखं एकमेकांपासून सुटतात आणि वरचं ओझं खाली येतं.

म्हणून माळवद फक्त ओसरीवर कर, चार इंचांहून जास्त माती नको, आणि भार भिंतीवर न टाकता खांबांवर घे. पांढरीची माती जुन्या गढीची उकरून आणू नकोस. शेताच्या बांधावरची चिकण माती चुना घालून चालते. मुख्य भिंती दगडाच्या, अठरा इंच जाडीच्या कर, कारण सोलापूरच्या उन्हाला जाड भिंतच पुरते. पण दर दोन फूट उंचीवर, आडवं दर चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा एक अखंड दगड बसवायला लाव. तो दगड दोन पाखांना बांधून ठेवतो. मिस्त्री म्हणेल, ‘एवढा लांब दगड मिळत नाही.’ मग त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा टाक, पण जागा सोडू नकोस. जोत्यावर, चौकटीच्या वर आणि छपराखाली असे तीन काँक्रीटचे पट्टे चारी भिंतींवरून अखंड फिरव. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत घेऊ नकोस. सळ्यांचा हिशोब अभियंत्याकडून लेखी घे आणि काँक्रीट ओतण्याआधी सळ्या स्वतः मोज.

खोल्यांवर साधा पांढरा रंग दिलेला पत्रा, त्याखाली सहा इंच पोकळी सोडून बांबूची तट्टी आणि आढ्याजवळ गरम हवा जायला फट, एवढं पुरे. तट्टीने उन्हाची धग अडते आणि पावसात भजन ऐकू येतं. नुसत्या पत्र्याखाली सर आली की सगळं थांबतं. वळवाचा वारा पत्रा कडेने उचलतो, म्हणून कडेच्या ओळींना हूक दुप्पट लाव.

उन्हाचा हिशोब इथला घे, पुस्तकातला नको. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला आहे, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत किंचित उत्तरेला राहतो. उत्तरेचा उजेड चित्राला चांगला, हे खरं आहे. पण त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं, तेव्हा तिथेही दोन फुटांचा छज्जा हवा. दक्षिणेला तीन फूट छज्जा काढलास तर डिसेंबरच्या दुपारी तो साडेतीन फूट सावली देतो, खालून थोडं ऊन आत येतं आणि थंडीत ते हवंच असतं. पश्चिमेची भिंत बिनखिडकीची ठेव. भांडार आणि संडास तिकडे टाक.

पाण्याचं गणित सोपं आहे. हजार चौरस फूट छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर. वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटर धर, वीस टक्के वाया गेला धर, तरी ४१ हजार लिटर हाती लागतं. दहा बाय दहा बाय सात फुटांची टाकी वीस हजार लिटरला जरा कमी भरते. आपला खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताला पडतो, त्यामुळे टाकी पावसाळ्याच्या शेवटी भरलेली मिळते. चाळीस रोपांना आठवड्याला दहा लिटर, नोव्हेंबर ते मे तीस आठवडे, म्हणजे बारा हजार लिटर. उरलेलं माती भिजवायला आणि हातपाय धुवायला. पहिल्या सरीत छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण येते. ते पाणी घ्यायला दोनशे लिटरचा वेगळा पिंप आधी जोड, तो भरला की मगच टाकीत जाऊ दे. झाकण घट्ट आणि वाहत्या नळीला बारीक जाळी, नाहीतर डेंग्यूचे डास तूच पाळशील. पिण्याचं पाणी वेगळं.

रोपांच्या मुळाशी कुंभाराकडून आठ-दहा लिटरची कच्च्या भाजणीची मडकी पुरून घे. पाणी आतून झिरपतं आणि वर सुकत नाही. कुंभाराला काम मिळतं आणि रोपं जगतात. या एका मडक्यात तुझा ‘लोक आणि निसर्ग’ हा मथळा आला, त्याच्यासाठी वेगळं शिल्प उभारायची गरज नाही.

कामाच्या जागा ज्याच्या त्याच्या सोयीने बसव. कुंभारकामाला चार बाय चार, दोन फूट खोल असा माती भिजवायचा हौद सावलीत हवा. नुसती काळी माती तडकते, म्हणून तलावातला गाळ, राख आणि लीद मिसळतात; प्रमाण कुंभार हाताने ठरवेल, त्यात तू पडू नकोस. ओली भांडी वाळवायच्या ओसरीला पश्चिमेकडून भिंत घाल, कारण उन्हाळी वारा एका अंगाने लागला की भांडं त्याच बाजूला फाटतं. भट्टी पूर्वेकडच्या कोपऱ्यात, इमारतीपासून पन्नास फूट.

घोंगडीचा खड्डामाग, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो माग, बसवणार असशील तर खोलीआधी अंगणातली लांब सरळ पट्टी सोड. ताणा, म्हणजे उभे धागे, बाहेर ताणून त्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचं आणि शिजवायचं. ती खळ लोकरीला ताठपणा देते. ती वाळायला सकाळचं ऊन लागतं आणि विणकराला दुपारी सावली लागते, म्हणून झाडं पट्टीच्या पश्चिमेला लाव, आणि त्यात दोन चिंचा असू देत. पट्टीची लांबी माग बसवणाऱ्याकडून मोजून घे. खड्ड्यात ओल टिकते आणि धागा कमी तुटतो. तिथे सिमेंटचा कोबा केलास तर तो फायदा जातो.

आता माळ. वरच्या मुरमाड भागाला तू ‘पडीक’ लिहून तिथे हजार झाडांचं जंगल दाखवलं आहेस. ते खोड. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते अशाच गवताळ माळासाठी. काळवीट, लांडगा, चंडोल, धाविक ही सगळी उघड्या गवताची मंडळी आहेत. दाट झाडी झाली की त्यांचं घर जातं. तिथे पवना, मारवेल, डोंगरी गवत येऊ दे. बांधाने बोर, हिवर, बाभूळ, एखादा आपटा. वेडी बाभूळ दिसली की मुळासकट काढ, सुबाभूळ आणूच नकोस. टिटवी उन्हाळ्यात उघड्या मुरमावर अंडी घालते, म्हणून मार्च ते जून त्या भागात जेसीबी नको. खोदाई डिसेंबर-जानेवारीत उरकून घे. गवत वर्षातून एकदा, बी गळून गेल्यावर कापायचं आणि मेंढपाळाला द्यायचं. त्याची मेंढरं जायची वाट तुझ्या जमिनीतून असेल तर कुंपणात तेवढी जागा सोड. ती वाट केंद्रापेक्षा जुनी आहे. कुसळी वाढली की ऑक्टोबरात कुसळं लोकरीत आणि कपड्यांत घुसतात, तेव्हा चालायच्या वाटा दोन्ही बाजूंनी तीन फूट कापलेल्या ठेव. फेब्रुवारीपासून कुंपणाच्या आतून दहा फूट पट्टा गवत काढून मोकळा ठेव, वणवा तिथे थांबतो. रात्रीचे दिवे खाली तोंड करून लाव आणि कार्यक्रम संपला की बंद.

हिरवळीबद्दल एवढंच: आपल्याकडे टँकरने पाणी प्यायला येतं. हिरवळ नको.

माणसांचं वेळापत्रक शेताच्या वेळापत्रकावर बसव. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारीची पेरणी, फेब्रुवारी-मार्चला काढणी, आषाढीला अर्धं गाव पंढरपूरच्या वाटेवर, दिवाळीनंतर ऊसतोड. जानेवारीत सोलापूरला गड्ड्याची जत्रा. त्या आठवड्यात तुझ्याकडे कुणी येणार नाही, आणि आलं पाहिजे असा हट्टही धरू नकोस. शिबिरं एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते दहा घे. बायका बहुधा दुपारी दोन ते चार येऊ शकतील. ओसरीत एक जातं बसव, खाली घट्ट दगडी बैठक करून. ओव्या कागदावर मागितल्या तर आठवत नाहीत. खुंटा हातात आला की येतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूची माणसं आली तर कानडी ओव्याही येतील. त्यांना मराठीत गायला सांगू नकोस.

हुरड्याच्या दिवसांत आगटी पेटव, शहरातल्या पाहुण्यांना बोलाव, त्यातून पैसे मिळव; त्यात गैर काही नाही. पण हुरडा पार्टीचं बुकिंग आलं म्हणून भजनी मंडळाची रात्र एकदा रद्द केलीस, की गाव ते विसरत नाही. वर्षातल्या किती रात्री गावाच्या, हे आधीच ठरवून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखव. कागदांचं थोडक्यात: सातबारा आणि मोजणी नकाशा ताजा काढ, बांधकामाला लागणाऱ्या परवानग्या हातात आल्याशिवाय वीट रचू नकोस, आणि हातात असलेल्या दर शंभर रुपयांतले वीस डागडुजीला बाजूला ठेव.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आता जवळ आली. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, आंबिल-भज्जीची पंगत उठली की माणसं निवांत बसलेली असतात. तेव्हा वरच्या भागात मोठ्या झाडाखाली पटकुरं टाकून बस आणि दोरी-खुंटीने खळ्याचं वर्तुळ आखून बघ. लोक काय म्हणतात ते लिहून घे. तिन्ही खड्ड्यांच्या खोलीचे आकडे आणि ते टिपण मला पाठव, मग नवा नकाशा काढू.

तुझा,
एक हितचिंतक

ता. क. बायकांच्या संडासाला आराखड्यात आतून कडी, नळ आणि खुंटी दाखवलेली नाही, आणि तिकडे जायची वाट पुरुषांच्या बैठकीसमोरून जाते. ती वाट बदल. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, हे खळ्याच्या सोबत झालं पाहिजे.